माझ्या अपघाताचे मुद्रितशोधन

ती. ताईच्या चरणी,

सप्तांग नमस्कार. (आठवे अंग, म्हणजे उजवा पाय, गुडघ्याखाली प्लास्टरमध्ये आहे, आणि त्याने कुणाहीपुढे वाकायचे नाही अशी डॉक्टरांची सक्त ताकीद आहे. राहिलेला अष्टमांश प्लास्टर निघाल्यावर पोचता करीन.)

आधी तक्रार, कुशल मागाहून. तुझे पार्सल काल मिळाले. आत लोकरीच्या मोज्यांची जोडी निघाली. ताई, ज्या माणसाला सध्या एकच पाय वापरायला दिलेला आहे, त्याला दोन मोजे पाठवणे ही, मी शब्द तोलून वापरतो, क्रूर थट्टा आहे. डावा मी लगेच घातला आणि तो उत्तम बसला. उजवा मात्र खुर्चीच्या पाठीवर टांगलेला आहे, आणि दिवसभर माझ्याकडे वधूपित्याने स्थळाकडे पाहावे तसा पाहत असतो. ही म्हणते की मोज्यांना डावे-उजवे नसतेच, उगाच कांगावा करू नका. मी तिला सांगितले की आपल्या जुन्या तर्कशास्त्रात अभाव हासुद्धा एक पदार्थ मानलेला आहे, आणि माझ्या खोलीत तो पदार्थ सध्या खुर्चीवर लोंबतो आहे. यावर ती गणिताच्या वह्या तपासायला निघून गेली. पुढच्या वेळी विणायला घेण्यापूर्वी रुग्णाच्या पायांची मोजदाद करत जावी, ही नम्र सूचना.

असो. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला गेला का, की अजून तो आणि रेडिओवरच्या बातम्या एकाच वेळी सुरू होतात? त्यांना माझा नमस्कार सांग आणि म्हणावे, जिना चढताना वर्तमानपत्र वाचू नका. (हा उपदेश करण्याचा अधिकार मला आता कुणी देणार नाही हे मी जाणतो. पण उपदेश करायला अधिकार लागतो असे ठरले तर आपल्या घराण्यात बोलणेच बंद होईल.)

आता मूळ हकीकत. हिने तुला फोनवर सांगितले ते सगळे खरे आहे, फक्त मधला भाग गाळलेला आहे, कारण तो हिला माहीत नाही आणि मलाही नाही. सहा आठवड्यांपूर्वी, दुपारी चारच्या सुमारास, मी छापखान्याच्या फाटकातून बाहेर पडलो. फाटक आठवते. तिथल्या रखवालदाराने नेहमीसारखी मान हलवली आणि मी नेहमीसारखी हलवली, हेही आठवते. त्या दिवशी ऊन असे काही मऊ पडले होते की भिंतीवरून हात फिरवला तर पिवळे पीठ बोटांना लागावे. पुढचे सगळे पाण्याखालून पाहिल्यासारखे आहे. एका दुकानाच्या काचेत पुष्कळ घड्याळे होती आणि सगळी वेगवेगळी वेळ दाखवत होती, तरी कुणाचेच भांडण नव्हते. वर कुठेतरी एक बाई गच्चीच्या कठड्यावरून चादर झटकत होती. चादर फुगली, थोडा वेळ तशीच थांबली, आणि मला वाटले की आता ती बाई चादरीसकट निघून जाणार. मी फार आनंदात होतो एवढे नक्की. कशाच्या, ते नाही सांगता येत.

त्यानंतर एकदम पाठीखाली चादरीच चादरी. मी त्या गच्चीवर पोचलो अशी माझी काही क्षण समजूत झाली होती. प्रत्यक्षात चष्म्याच्या दुकानासमोर, रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर, मला एका लाँड्रीच्या गाडीने धडक दिली होती. वळणावर गाडी आली, मी पट्ट्यांवर होतो, आणि दोघांपैकी मऊ होता तो पडला. चालक हा एक धिप्पाड, घाबरट माणूस. त्याने काय करावे? गाडीचे मागचे दार उघडून कुठल्याशा हॉटेलच्या इस्त्री केलेल्या चादरींचा अख्खा गठ्ठा काढला आणि माझ्या डोक्याखाली, पाठीखाली, पायाखाली पसरला. ताई, खोटे नाही सांगत, चोपन्न वर्षांच्या आयुष्यात इतक्या स्वच्छ अंथरुणात मी कधी झोपलो नव्हतो. अजून गरम होत्या. आजूबाजूला गर्दी जमली होती, कुणी नंबर लिहून घेत होते, कुणी माझ्या नावाने पाणी मागवून स्वतःच पीत होते, आणि मी भर रस्त्यात पडून झाडाची पाने उलट्या बाजूने किती फिकट असतात याचा विचार करत होतो. नडगीचे हाड दोन ठिकाणी मोडल्याचे नंतर कळले.

आता तू म्हणशील, झाले ते झाले, हाड जुळेल, घरी पड. मीही तेच म्हणत होतो. पण हिच्या शाळेतल्या एका बाईंच्या मावसबहिणीला एका दुचाकीने पाडले होते आणि तिला रीतसर भरपाई मिळाली होती, त्यामुळे घरात ठराव एकमताने (हिच्या) मंजूर झाला की आपणही दावा लावायचा. तेव्हा आम्ही टॅक्सी करून, मी मागच्या सीटवर आडवा आणि ही पुढे उभ्या कुबड्या धरून, वकीलबाईंकडे गेलो. या बाई फक्त पायी चालणाऱ्यांचे दावे चालवतात. कचेरी किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावर, एकवीस पायऱ्यांवर. (ज्यांचे सगळे अशील लंगडत येतात त्यांनी एकवीस पायऱ्यांवर कचेरी का घ्यावी, हे मी विचारले. त्या म्हणाल्या, "जो वरपर्यंत येतो तो खटला अर्धा सोडून जात नाही.") भिंतींवर चौकांचे नकाशे. टेबलावर खेळण्यातल्या छोट्या मोटारी. प्रत्येक अपघात त्या नकाशावर पुन्हा घडवून पाहतात. लाँड्रीच्या गाडीसाठी पांढरी मोटार निवडली, आणि पायी चालणाऱ्यासाठी खोडरबर. मी स्वतःला पाच वेळा खाली पडताना पाहिले. तिसऱ्या वेळेपासून मला त्या खोडरबराची माया वाटू लागली.

कायदा त्यांनी मला फार स्वच्छ समजावला. गाडी चालवणाऱ्याने रस्त्यावरच्या माणसाची काळजी घ्यायची असते. ती घेतली नाही की निष्काळजीपणा. पण रस्त्यावरच्या माणसानेही स्वतःची काळजी घ्यायची असते, आणि ती त्याने घेतली नसेल, तर जितका दोष त्याचा तितकी त्याची भरपाई कमी. मी म्हणालो, बाई, आमच्यात याला काकतालीय म्हणतात. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, त्यात कावळ्याचा दोष नाही आणि फांदीचाही नाही. त्या म्हणाल्या, "सर, आमच्या कोर्टात फांदी कुणाच्या मालकीची, आणि कावळ्याने बसण्याआधी पाहिलं होतं का, हे विचारतात. तुम्ही पाहिलं होतं का?"

इथे घोडे पेंड खाते. कारण मला आठवत नाही. त्या म्हणाल्या, डोक्याला हिसका बसला की असे होते, काळजी नको. मग नकाशावर बोट ठेवून सहज विचारले की छापखाना इथे, घर तिथे, आणि चष्म्याचे दुकान तर पार उलट्या अंगाला. तुम्ही चालला होतात कुठे? मी म्हणालो, चष्मेवाल्याकडे. हिने माझ्याकडे पाहिले. (माझा चष्मा अपघाताच्या दोनच महिने आधी केला होता आणि पसंत हिनेच केला होता.) वकीलबाईंनी तसे लिहून घेतले, आणि आम्ही एकवीस पायऱ्या उतरलो.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो. हात दाखवून अवलक्षण कसे करावे याचा पाठ द्यायचा झाला तर उदाहरण म्हणून यापुढे मलाच घेतील. मागच्या सोमवारी, ही शाळेत गेलेली असताना, विमा कंपनीचा तपासनीस आला. चाळिशीचा, टाय लावलेला, आणि चेहरा असा दुःखी की धडक त्यालाच बसली असावी. फार सभ्य माणूस. माझी उशी सरळ केली, खिडकी किलकिली केली, आणि चालकाच्या जबाबाची टंकलिखित प्रत माझ्या हातात देऊन म्हणाला की आमच्याकडे हे असे आले आहे, तुम्ही नजरेखालून घाला, तोवर मी जरा खाली फोन करून येतो.

ताई, तू मला ओळखतेस. तीस वर्षे मी दुसऱ्यांच्या चुका वाचून पोट भरले आहे. दवाखान्यात हाडाचा फोटो दाखवला तर त्यावरच्या चिकटपट्टीतले शुद्धलेखन मी आधी पाहिले. आणि तो जबाब! पहिल्याच वाक्यात चार कर्ते होते आणि क्रियापद एकही नव्हते. सगळे चौघे क्रियापदाची वाट पाहत, पावसात बसथांब्यावर उभे राहावे तसे उभे होते. "सदर इसम" पानभर सात वेळा. माझा हात आपोआप खिशाकडे गेला. लाल पेन तिथेच असते. आधी मी फक्त विरामचिन्हे सारखी केली. मग वाक्ये मोकळी केली. मग, काय सांगू, मजकूर मनात शिरला. चालकाने म्हटले होते, "सदर इसम हा कुठंतरी बघत बघत हसत आला." हे खरे तर किती सुंदर निरीक्षण, पण किती गबाळे! मी ते खोडले आणि वर लिहिले: "पादचारी गृहस्थ भोवतालच्या जगाचे भान हरपलेल्या अवस्थेत, मंद स्मित करीत, रस्त्यात उतरले." समासात लिहिले: "चित्र डोळ्यांसमोर उभे राहते. ठेवावे." आणि शेवटी सवयीने, अगदी झोपेतही करीन अशा सवयीने, पानाच्या तळाशी लिहिले: "तपासले. छापण्यास हरकत नाही." खाली सही. खाली तारीख.

तपासनीस वर आला, पान पाहिले, आणि सहा आठवड्यांत प्रथमच कुणीतरी माझ्यामुळे इतके सुखी झालेले मी पाहिले. त्याच्या चेहऱ्यावरचे सगळे दुःख उतरले. त्याने ते पान दोन्ही हातांत धरून, पुन्हा पुन्हा आभार मानून नेले. मलाही बरे वाटले. चांगली दाद कुणाला नको असते?

ही संध्याकाळी आली तेव्हा मी उत्साहाने सगळे सांगितले. हिने पर्स खाली ठेवली, खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "तुम्हाला घरात एकटं ठेवायचं म्हणजे दुधाशेजारी मांजर." मग थोड्या वेळाने: "मांजराला निदान दूध तरी मिळतं." वकीलबाईंचे काय झाले ते विचारू नकोस. त्यांनी ते पान (त्याची प्रत त्यांच्याकडे दुसऱ्या दिवशी पोचली, तपासनीस तत्पर आहे) सावकाश वाचले, नकाशावरचे खोडरबर उचलले आणि ड्रॉवरमध्ये टाकून ड्रॉवर बंद केला. मग म्हणाल्या, "सर, विरुद्ध बाजूने माझ्याविरुद्ध इतकं चांगलं कधीच लिहिलं नव्हतं. आणि हे तर आमच्याच बाजूने लिहिलंय."

त्यावर त्यांनी तोड काढली आहे. येत्या गुरुवारी मी प्रतिज्ञेवर एक निवेदन द्यायचे. त्यात तीन कलमे. एक, माझ्या दुरुस्त्या केवळ भाषेच्या आहेत, मजकुराला माझी संमती नाही. दोन, मी रस्त्यात उतरण्यापूर्वी दोन्हीकडे पाहिले होते. तीन, मी पूर्ण भानावर होतो आणि मला कुठे जायचे ते ठाऊक होते. पहिल्या कलमावर मी आज, आत्ता, डाव्या हातानेही सही करीन. बाकीच्या दोन कलमांचा मसुदा उशीजवळ पडला आहे. त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नाही. मी आठ वेळा पाहिले.

परवा चालक स्वतः भेटायला आला. दारातून आत येताना तो थोडा तिरका होऊन येतो, मोठ्या माणसांची सवय. हातात हँगरवर माझा कोट. त्या दिवशी रस्त्यात राहिला होता. त्याने डाग काढून, धुऊन, इस्त्री करून आणला. खांद्याजवळ उसवले होते तेही शिवलेले. मी म्हणालो, अहो, तुम्ही कशाला तसदी घेतलीत? तो म्हणाला, "आता वेळच वेळ आहे साहेब. मालकांनी गाडीवरून उतरवलं, इस्त्रीवर बसवलंय. निकाल लागेपर्यंत." निकाल माझ्या बाजूने लागला तर त्याला गाडी परत मिळणार नाही, हे त्याने सांगितले नाही, मीच विचारून काढले. ही चहा करायला आत गेली तेव्हा तो पलंगाच्या कडेला, माझ्या प्लास्टरपासून वीतभर अंतर ठेवून, टेकला आणि हळूच म्हणाला, "साहेब, तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. अगदी डोळ्यांत डोळे घालून. आणि हसलात, घरातल्या माणसाकडे बघून हसावं तसे. मला वाटलं, आता हे थांबणार. मी ब्रेक मारायला तेवढाच उशीर केला." चूक माझीच आहे, असेही तो म्हणाला. फार वाईट वकील झाला असता, माझ्याइतकाच.

मग आम्ही तिघांनी चहा घेतला आणि डाग या विषयावर बोललो. शाईचा डाग दुधाने जातो, गंजाचा लिंबाने, आणि काही डाग, तो म्हणाला, काढायला गेलो की कापडच विरते, तेव्हा ते तसेच ठेवून वर घडी अशी घालायची की दिसू नये. ही त्याच्याकडून सगळे वहीत उतरवून घेत होती. खिडकीतून तेच मऊ ऊन आत येत होते, कोट कपाटाच्या दाराला टांगलेला होता, आत कुणी नसूनही भरलेला दिसत होता, आणि मला थोडा वेळ पुन्हा तसेच वाटले, त्या चौकात वाटले होते तसे: सगळे ठीक आहे, सगळे जवळच आहे, आणखी थोडे चालले की पोचलोच.

एरवी मी मजेत आहे. भूक लागते, झोप लागते, पायाला खाज सुटते. हिने विणायच्या सुईवर (तुझ्याच) ताबा मिळवून दिला आहे, त्या सुईने प्लास्टरच्या आत खाजवता येते. काळजीचे कारण नाही. भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा आणि सध्या लंगडा

ता. क. वर "काळजीचे कारण नाही" असे लिहिले आहे ते वाचून तू लगेच गाडी पकडशील, म्हणून स्पष्ट लिहितो: येऊ नकोस. तुझे गुडघे आणि माझी नडगी एका घरात आली तर हिला नोकरी सोडावी लागेल.

पुन्हा ता. क. एक विचारायचे होते. मोज्यांविषयी एवढे पानभर लिहिले ते खरे तर हेच लांबवण्यासाठी. बाबांचे जेव्हा सुरू झाले तेव्हा मी शिकायला बाहेरगावी होतो आणि तू घरी होतीस. मी आलो तोवर ते मला ओळखत नव्हते, त्यामुळे सुरुवात मी पाहिलीच नाही. त्यांचे वय तेव्हा किती होते? आणि सगळ्यात आधी काय झाले? वस्तू ठेवून विसरणे, नावे न आठवणे, हे मला माहीत आहे, ते मला विसाव्या वर्षापासून आहे, ते मी धरत नाही. त्याच्याही आधीचे काही. तुमच्या कुणाच्या लक्षात तेव्हा आले नसेल आणि नंतर आले असेल असे. फोनवर सांगू नकोस, फोन ही उचलते. पत्राने लिही, गुरुवारच्या आत पोचेल असे. छापखान्याच्या पत्त्यावर पाठव. रखवालदार आणून देईल.

आणखी एक. चहा व्हायच्या आधी चालकाने मला आणखी काही सांगितले, ते वर लिहिले नाही. मी रस्त्यात पडलेलो असताना त्याने मला घर कुठे ते विचारले होते आणि मी पत्ता सांगितला होता, मजल्यासकट. मला दवाखान्यात पोचवल्यावर तो त्या पत्त्यावर हिला सांगायला गेला. दार परक्या माणसांनी उघडले. आम्ही पूर्वी राहायचो ती जागा ती, ताई. अकरा वर्षे झाली सोडून. ही गोष्ट त्याने त्याच्या मालकाला सांगितलेली नाही आणि तपासनीसालाही नाही. सांगितली तर त्याला उद्या गाडी परत मिळेल. मी विचारले, का नाही सांगितलीत? तो म्हणाला, ते तुमच्या घरचं आहे.

धडक बसल्यावर माणूस काहीही बोलतो, असे मी स्वतःला सांगून पाहिले. पण चष्म्याचे दुकान त्या जुन्या घराच्या वाटेवर आहे, आणि धडक बसण्याच्या आधीच मी त्या वाटेला लागलो होतो. आणि हे पहिल्यांदा झालेले नाही. उन्हाळ्यात एकदा मी त्या इमारतीच्या जिन्यात उभा होतो, आणि तिथवर कसा आलो ते मला कळत नव्हते. तेव्हा मी हसून परत फिरलो आणि कुणाला सांगितले नाही. हिला अजून यातले काहीच माहीत नाही. गुरुवारी मला लिहून द्यायचे आहे की मला कुठे जायचे ते ठाऊक होते. मला ठाऊक नव्हते. मला बाबांसारखे होईल याची भीती वाटते, आणि हे हिला कसे सांगावे ते मला कळत नाही.